हवा स्वस्त, भांडं महाग

सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने द्रवरूप वैद्यकीय ऑक्सिजनचा कमाल दर बांधून दिला. कारखान्याच्या दारात, कर सोडून, घनमीटरला १५ रुपये २२ पैसे. घनमीटर म्हणजे हजार लिटर. म्हणजे लिटरभर ऑक्सिजनला दीड पैसा. मिनिटाला ५ लिटर लागणाऱ्या रुग्णाला दिवसभरात ७,२०० लिटर लागतात, आणि त्या दराने त्याचे होत जेमतेम ११० रुपये. रुग्णालयाच्या आवारातल्या टपरीवर दोघांचा नाश्ता-चहा व्हायला याहून जास्त लागू शकतात.

सातच महिन्यांनी, एप्रिल २०२१ मध्ये, याच वायूसाठी देशभर धावाधाव सुरू होती. संसदेत दिलेल्या माहितीनुसार कोरोनाच्या पहिल्या लाटेत देशाची कमाल मागणी दिवसाला ३,०९५ टन होती. दुसऱ्या लाटेत ती ९,००० टनांच्या घरात गेली. तरी हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तसूभरही ढळलं नव्हतं. रुग्णालयाबाहेर हवालदिल उभा असलेला नातेवाईक ज्या हवेत उभा होता, तिचा पाचवा हिस्सा ऑक्सिजनच होता.

मग टंचाई कशाची होती? हा प्रश्न धरून हवेपासून रुग्णाच्या नाकापर्यंतचा रस्ता चालत गेलो, की विज्ञानाच्या आणि व्यवहाराच्या एकेक अचाट गोष्टी समोर येतात. वायूला किंमत नाहीच म्हटलं तरी चालेल. किंमत आहे ती त्याला वेगळं काढण्याची, धरून ठेवण्याची, नेण्याची आणि हे सगळं वेळेत करण्याची. साथीच्या काळात रुग्णालयाची खरेदी खरी असते ती एवढीच.

हवेची गाळणी

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि टक्क्याहून किंचित कमी अरगॉन असतो. हे तिघं एकमेकांत असे मिसळलेले असतात की कुठल्याही फडक्यातून गाळून ते वेगळे होत नाहीत. पण हवा पुरेशी गार केली तर ती पाण्यासारखी वाहू लागते, आणि मग तिघांचे स्वभाव उघडे पडतात. नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, अरगॉन उणे १८६ला, ऑक्सिजन उणे १८३ला. जर्मन अभियंता कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ मध्ये हवा मोठ्या प्रमाणावर द्रवरूप करून दाखवली आणि १९०२ मध्ये त्या द्रवाचं ऊर्ध्वपातन करून ऑक्सिजन वेगळा काढला. हवा दाबायची, गार करायची, मग एकदम सैल सोडायची. सैल सोडताच ती आणखी गार होते. हेच पुन्हा पुन्हा केलं की शेवटी थेंब पडू लागतात. आजचे मोठे प्रकल्प याच तत्त्वावर चालतात.

हा द्रव दिसतो फिकट निळा, आणि चुंबकाकडे ओढला जातो. त्याच्या एका लिटरचा खोलीच्या तापमानाला सुमारे ८६० लिटर वायू होतो. हा आकडा लक्षात ठेवला तर पुढचं पुष्कळसं उलगडतं. रुग्णालयातला उंच जम्बो सिलिंडर वायूला दीडशे पट दाबून बसवतो, आणि त्यात मावतो ७ घनमीटर ऑक्सिजन. वायूचं वजन नऊ-साडेनऊ किलो. त्याला आवरणारं पोलाद त्याच्या कितीतरी पट. साध्या मास्कवरच्या रुग्णाला असा एक सिलिंडर जवळजवळ दिवसभर पुरतो. पण नाकातून जोरदार प्रवाह देणारं यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत मागू शकतं. त्या वेगाने तोच सिलिंडर दोन तासांत रिकामा. दुसऱ्या लाटेत मागणी इतकी का उसळली, याचं एक कारण या गुणाकारात आहे. रुग्ण तर वाढलेच, शिवाय दर रुग्णामागचा खपही वाढला.

आता याच्या शेजारी १३,००० लिटरची द्रव ऑक्सिजनची टाकी ठेवून पाहा. तिच्यात जवळपास दीड हजार जम्बो सिलिंडरांचा ऐवज सामावतो. दीड हजार सिलिंडर चढवायचे-उतरवायचे, त्यांची तोंडं उघडायची, किल्ल्या फिरवायच्या, रिकामे परत भरायला धाडायचे, हे सगळं एका टाकीने वाचतं. मुंबई महापालिकेने पहिल्या लाटेनंतर आपल्या रुग्णालयांत अशा टाक्या बसवून घेतल्या. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या ऑक्सिजनची सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यवस्थापनाकडून शिकण्याचा सल्ला दिला, त्यामागे ही आधीची खरेदी होती. तरीही त्याआधी एप्रिलमध्ये मुंबईत एका रात्री सहा रुग्णालयांतल्या १६८ रुग्णांना दुसरीकडे हलवावं लागलं होतं. टाकी मोठी असली तरी ती भरणारा टँकर वेळेवर यावा लागतो.

लोखंडाच्या गावाचा श्वास

हा टँकर येतो कुठून? देशातल्या ऑक्सिजनचे बडे कारखाने रुग्णालयांच्या आसपास नाहीत, ते पोलादाच्या भट्ट्यांना चिकटून आहेत. कच्च्या लोखंडातला कार्बन जाळून पोलाद करायला शुद्ध ऑक्सिजनचा झोत लागतो. म्हणून जमशेदपूर, बोकारो, राउरकेला, भिलाई, विशाखापट्टणम अशा ठिकाणी हवा गाळणारे अजस्र प्रकल्प उभे राहिले. कोळसा आणि लोहखनिज जिथे, पोलाद तिथे; आणि पोलाद जिथे, ऑक्सिजन तिथे. देशाचा पूर्व भाग त्यामुळे या बाबतीत श्रीमंत, आणि मोठ्या शहरांची पश्चिम आणि उत्तर बाजू त्याच्यावर अवलंबून. महाराष्ट्रात रायगडमधल्या डोलवीचा पोलाद कारखाना आहे, चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात वायू कंपन्यांचे प्रकल्प आहेत. पण एप्रिल २०२१ मध्ये राज्याची गरज दिवसाला १,५०० टनांच्या पुढे गेली, तेव्हा घरचा ऑक्सिजन पुरेना.

पोलाद कारखान्यात आणखी एक मेख असते. तिथला बहुतांश ऑक्सिजन वायुरूपातच नळाने थेट भट्टीकडे जातो. द्रवरूपात साठवला जातो तो त्यातला थोडा भाग. भट्टी थंड केली म्हणून नळातला सगळा वायू टँकरमध्ये भरता येत नाही. त्याला आधी द्रव करणारी यंत्रणा हवी, आणि ती रातोरात वाढत नाही. केंद्र सरकारने २२ एप्रिलपासून काही अपवाद वगळता उद्योगांचा ऑक्सिजन थांबवला, त्याने दिलासा मिळाला. पण पुढची अडचण लगेच समोर आली: भरायचं कशात?

उणे १८३चं भांडं

चहाचा थर्मास सगळ्यांना ठाऊक आहे. दोन भिंती, मध्ये निर्वात पोकळी. स्कॉटलंडचे जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये हे भांडं बनवलं ते द्रवरूप वायू टिकवण्यासाठी. चहा त्यात नंतर आला. ऑक्सिजनचा टँकर म्हणजे त्याच भांड्याचा चाकांवरचा, दहा-पंधरा टनांचा अवतार. आतली टाकी अतिथंडीत ठिसूळ न होणाऱ्या पोलादाची, बाहेरचं कवच वेगळं, मध्ये पोकळी आणि उष्णतारोधक भरण. इतकं करूनही थोडी उष्णता आत शिरतेच, द्रव उकळत राहतो, दाब वाढतो आणि झडपेतून थोडा वायू सोडून द्यावा लागतो.

असा टँकर बाजारात जाऊन उचलून आणता येत नाही. म्हणून दुसऱ्या लाटेत नायट्रोजन आणि अरगॉन वाहणारे टँकर ऑक्सिजनसाठी बदलून घेण्याची परवानगी दिली गेली. हा निर्णय ज्या यंत्रणेच्या अखत्यारीत येतो, त्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. बदल ऐकायला सोपा, करायला जिकिरीचा. शुद्ध ऑक्सिजनच्या संगतीत तेलाचा किंवा ग्रीसचा ओशटपणाही पेट घेऊ शकतो. म्हणून आतून टाकी, झडपा, जोडण्या सगळं पराकोटीचं स्वच्छ करावं लागतं, तेव्हाच तो टँकर नव्या कामाला लागतो.

भरलेले टँकर विमानाने का आणले नाहीत, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. उकळता द्रव, सतत सुटणारा वायू आणि विमानाचं बंद पोट, हे गणित कुणालाच परवडणारं नव्हतं. मग हवाई दलाने उलटी चाल केली. रिकामे टँकर विमानाने कारखान्यापर्यंत पोचवायचे, आणि भरलेले रस्त्याने किंवा रेल्वेने आणायचे. फेरीचा अर्धा वेळ वाचला. टँकरांची संख्या तीच राहिली, पण दर टँकरच्या फेऱ्या वाढल्या. टंचाईच्या काळात याचा अर्थ नवे टँकर मिळण्यासारखाच होतो.

रेल्वेचा किस्सा तर अभियंत्यांच्या कोड्यात शोभेल असा. १९ एप्रिल २०२१ला कळंबोलीहून सात रिकामे टँकर सपाट वाघिणींवर चढवून पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमकडे निघाली. आधी वाघिणीवर चढलेल्या टँकरची उंची मोजली गेली. वरच्या विजेच्या तारा, पूल, बोगदे, फलाटांचे छज्जे, या सगळ्यांखालून तो जायला हवा होता. त्यातून ३,३२० मिलिमीटर उंचीचा टँकर निवडला गेला. सह्याद्रीचे घाट अशा उंच मालाला सोयीचे नाहीत, म्हणून कल्याण-इगतपुरीची वाट सोडून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी वळसा घालून गेली. येताना तीन टँकर नागपुरात उतरले, उरलेले चार २४ एप्रिलला नाशिक रोडला पोचले. सात टँकरांत मिळून अंदाजे शंभर टन. राज्याच्या एका दिवसाच्या गरजेच्या पंधराव्या हिश्शाहून कमी, आणि त्यासाठी पाच दिवस. एवढ्या कसरतीचं मोल मोठं होतंच. पण अंतर काय चीज असते, हे याच आकड्यातून कळतं.

शेवटचे शंभर मीटर

टँकर रुग्णालयात पोचला म्हणजे काम झालं असं नाही. द्रवाचा पुन्हा वायू करावा लागतो, आणि ते काम टाकीशेजारचा पंखांसारख्या पात्यांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा करतो. त्याला वीज लागत नाही, बर्नर लागत नाही. आतून उणे १८३चा द्रव जातो, बाहेरची साधी हवा त्याला ऊब देते आणि दुसऱ्या टोकाने वायू बाहेर पडतो. मे महिन्याच्या टळटळीत उन्हातही त्या पात्यांवर पांढरं बर्फ साचतं. पण एका मापापलीकडे ओढ लावली तर हे बर्फ इतकं चढतं की ऊब आत पोचेना, आणि टाकीत द्रव असूनही वाहिनीत दाब पडू लागतो. म्हणजे टाकी घेताना तिच्या लिटरइतकंच महत्त्व या सांगाड्याच्या ताकदीला आणि पाइपलाइनच्या व्यासाला द्यावं लागतं. ५० खाटांच्या हिशेबाने टाकलेली वाहिनी १५० खाटांना पुरत नाही.

या शेवटच्या टप्प्याची किंमत नाशिकने मोजली. २१ एप्रिल २०२१ला, म्हणजे ती रेल्वे नाशिक रोडला पोचण्याच्या तीनच दिवस आधी, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित झाला. वीसहून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. ऑक्सिजन आवारात होता, रुग्ण आत होते, आणि मधली जोडणी तुटली होती. झडप, जोडणी, देखभालीचा करार, टँकर रिकामा करताना हजर असलेला प्रशिक्षित माणूस: खरेदीच्या यादीत तळाला असणाऱ्या या नोंदी प्रत्यक्षात पहिल्या रांगेतल्या असतात.

नंदुरबारने या टप्प्यावर वेगळाच विचार केला. तिथे नेमलेल्या ‘ऑक्सिजन नर्स’ वॉर्डात फिरून कुणाला किती प्रवाह लागतो ते पाहत, गरजेपेक्षा जास्त चालू असेल तर कमी करत. मिनिटाला दोन लिटर वाचले तर एका रुग्णामागे दिवसाला जवळजवळ तीन घनमीटर वाचतात. अडीच रुग्णांमागे एक जम्बो सिलिंडर, तोही यंत्रावर एक रुपया खर्च न करता.

सह्याद्रीच्या पोटातला दगड

मग टँकर, घाट आणि अंतर हे सगळं टाळून ऑक्सिजन रुग्णालयातच बनवला तर? त्यासाठी पीएसए (प्रेशर स्विंग ॲडसॉर्प्शन) प्लांट असतो. त्याच्या मुळाशी असलेला पदार्थ आपल्या डोंगरांत सापडतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. थंड होताना त्यांत बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खनिजं विरघळलेलं पाणी झिरपून त्यांत स्फटिक वाढले. नाशिक, जळगाव, पुणे परिसरातल्या खाणींतले हे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइटसारखे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत; सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते जवळून पाहता येतात. झिओलाइटच्या आत रेणूंच्या मापाच्या पोकळ्या असतात. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या अणूंचं जाळं, आणि त्यात बसलेले सोडियमसारखे विद्युतभारित कण. गेल्या शतकाच्या मध्याला रसायनशास्त्रज्ञांनी असे झिओलाइट प्रयोगशाळेत घडवले, हव्या त्या मापाचे. पीएसए प्लांटमध्ये भरलेले पांढुरके मणी हे या दगडांचेच घडवलेले भाऊबंद.

गंमत अशी की नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू आकाराने जवळपास सारखेच. निव्वळ छिद्राच्या मापाने त्यांना वेगळं करणं अवघड. पण नायट्रोजनच्या रेणूतल्या विद्युतभाराची मांडणी अशी असते की झिओलाइटमधले भारित कण त्याला जास्त ओढून धरतात. म्हणून हवा दाबून मण्यांच्या मनोऱ्यातून सोडली की नायट्रोजन चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. मनोरा भरला की दाब काढायचा. नायट्रोजन सुटून बाहेर पडतो आणि मणी पुन्हा ताजे. एक मनोरा धरतो तेव्हा दुसरा सोडतो, आणि पाळी सतत बदलत राहते. अतिथंडी नाही, द्रव नाही, टँकर नाही. फक्त वीज आणि हवा. अरगॉन मात्र ऑक्सिजनबरोबरच निसटतो, त्यामुळे या वायूची शुद्धता पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास अडते. वैद्यकीय मानकात ९३ टक्क्यांचा ऑक्सिजन चालतो, म्हणून भागतं. घरोघरी गेलेले कॉन्सन्ट्रेटर याच तत्त्वाची छोटी आवृत्ती होते.

या तंत्राने कुठून कुठे उड्या मारल्या ते पाहण्यासारखं आहे. तेजस विमानातल्या वैमानिकाला उंचावर ऑक्सिजन पुरवण्यासाठी डीआरडीओच्या बेंगळुरूच्या प्रयोगशाळेने जे तंत्र विकसित केलं होतं, त्याच्या आधारे मिनिटाला १,००० लिटर देणारे प्लांट रुग्णालयांसाठी बनवले गेले. आयआयटी मुंबईत मिलिंद अत्रे आणि सहकाऱ्यांनी आणखी सोपी युक्ती केली. कारखान्यांत नायट्रोजन बनवणारे पीएसए प्लांट असतात. त्यांतल्या कार्बनच्या मण्यांऐवजी झिओलाइट भरला की तेच यंत्र ऑक्सिजन देऊ लागतं. त्यांच्या प्रयोगात ९३ ते ९६ टक्के शुद्धता मिळाली. मात्र झिओलाइटचा मोठा साठा परदेशातून आणावा लागत होता. मे २०२१ मध्ये तो एअर इंडियाच्या विमानांनी रोमहून बेंगळुरूला आला. ज्याचे नैसर्गिक भाऊबंद आपल्या खडकांत पडून आहेत, तो पदार्थ घडवून घ्यायला परक्या कारखान्याकडे जावं लागलं.

निविदा आणि घड्याळ

यंत्र ठाऊक होतं, किंमत आवाक्यात होती, तंत्र जुनं होतं. तरी ते वेळेवर सगळीकडे का नव्हतं? जिल्हा रुग्णालयांसाठी पीएसए प्लांटची केंद्रीय निविदा ऑक्टोबर २०२० मध्ये निघाली. जानेवारी २०२१ मध्ये पीएम केअर्स निधीतून १६२ प्लांटसाठी २०१ कोटी ५८ लाख रुपये मंजूर झाले. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की त्यांतले ३३ बसले आहेत. एका प्लांटमागे सव्वा कोटीही पडत नव्हते. कमी पडले ते महिने.

पीएसए प्लांट खोक्यातून काढून खाटेशेजारी ठेवता येत नाही. जागा ठरवायची, सिमेंटचा चौथरा घालायचा, तीन फेजची वीज आणायची, वीज गेली तर जनरेटर, वॉर्डांपर्यंत तांब्याची वाहिनी, शुद्धतेची तपासणी, चालवणारा माणूस. यातल्या प्रत्येक पायरीसाठी वेगळी फाइल, वेगळं खातं आणि वेगळी सही. एक पायरी अडली की तयार यंत्र ताडपत्रीखाली पडून राहतं. साथ मात्र सहीची वाट पाहत नाही.

ज्यांनी हे घड्याळ ओळखलं त्यांनी लाट ओसरलेली असताना खरेदी केली. नंदुरबार हा डोंगराळ, आदिवासीबहुल जिल्हा, द्रव ऑक्सिजनच्या कारखान्यांपासून दूर. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः वैद्यकीय पदवीधर. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी पहिला प्लांट बसवून घेतला, आणि रुग्ण कमी झालेले असतानाही २०२१च्या सुरुवातीला आणखी जोडले. एप्रिलमध्ये तिथली क्षमता मिनिटाला २,४०० लिटर होती, आणि शेजारच्या राज्यांतले रुग्णही तिथे येत होते. संकट नसताना संकटासाठी खर्च करायला प्रशासनात धाडस लागतं, कारण लाट आलीच नाही तर लेखापरीक्षणात तो खर्च उधळपट्टी ठरतो. वेळेवर केलेली खरेदी त्या दिवशी जादाच वाटते.

पुढे गती आली. ऑक्टोबर २०२१ पर्यंत पीएम केअर्समधून मंजूर झालेले प्लांट १,२२४ झाले होते आणि त्यांतले १,१००हून अधिक सुरू झाले होते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण आलं. आधी हे काम हाफकिन महामंडळाकडे होतं.

पण त्या पहिल्या १६२ प्लांटच्या मंजुरीत एक आकडा दडलेला आहे, आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतो. २०१ कोटींपैकी ६४ कोटी २५ लाख, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, देखभालीच्या करारासाठी होता. झिओलाइट पाण्याला नायट्रोजनपेक्षाही घट्ट धरतो. हवेतला दमटपणा मण्यांत शिरला की त्यांची ताकद जाते. बंद पडलेला, गाळण्या न बदललेला प्लांट त्यामुळे आतल्या आत निकामी होत राहतो. बाहेरून तो नव्यासारखाच दिसतो. त्याला अधूनमधून चालवावं लागतं, शुद्धता मोजावी लागते, कॉम्प्रेसरचं तेल आणि गाळण्या पाहाव्या लागतात. यंत्राची खरेदी फीत कापण्याच्या दिवशी संपत नाही, दर महिन्याला थोडी थोडी चालू राहते.

म्हणून आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचा योग आला, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ते दोन मनोरे दिसले, तर तिथल्या अधिकाऱ्यांना तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. हा प्लांट शेवटचा कधी चालवला? त्या दिवशी शुद्धता किती टक्के आली? आणि देखभालीचा करार कुठल्या तारखेपर्यंत आहे? तिन्ही उत्तरं नोंदवहीत सापडली, तर पुढच्या साथीची खरेदी तिथे आताच सुरू आहे असं समजायला हरकत नाही.